रांगेचा सराव

‘साहेब, मोबाइल दाखवा जरा.’

आवाज मागून आला आणि आवाजाबरोबर खांद्यावर हात पडला. गोरक्ष तेव्हा पार्कातल्या आकाशपाळण्यासमोर उभा होता, मोबाइल छातीशी आडवा धरून, श्वास रोखून, कारण श्वास घेतला की चित्र हलतं आणि चित्र हललं की घरी बघताना समर्थ डोळे मिटून घेतो. त्याला आधी वाटलं, कंपनीतलं कोणी असेल. बुधवारी रजा टाकून हा इथे काय करतोय म्हणून हटकलं असेल. वळून पाहिलं तर निळ्या गणवेशातला सिक्युरिटीवाला. पन्नाशीचा, गळ्यात शिट्टी, छातीवर नावाची पट्टी : गोटीराम. ‘कवाधरून बघतोय मी,’ तो म्हणाला, ‘एकटेच हाय तुम्ही. मघाशी पाळण्यात बी एकटेच बसले. एकटेच हसत होते. आन् आता पोरांचे व्हिडिओ काढता.’ तो मोठ्यानं बोलला नव्हता, तरी रांगेतल्या दोन बायांनी आपापल्या मुली जवळ ओढून घेतल्या. ओढण्याची ती हालचाल अगदी लहान होती, पदर सावरावा इतकी. गोरक्षला ती हालचाल ओळखीची होती. दिवाळीपासून तो ती बघत आला होता. फक्त आजवर ती समर्थसाठी होत होती, आणि आज पहिल्यांदा त्याच्यासाठी झाली.

‘माझ्या मुलासाठी काढतोय,’ तो म्हणाला. ‘मुलगा कुठंय?’ ‘घरी.’ खरं उत्तर इतकं खोटं वाटू शकतं याचं त्यालाच नवल वाटलं. मग तो बोलत सुटला. मुलाला ऑटिझम आहे, तो बोलत नाही, नवी जागा त्याला एकदम सहन होत नाही, म्हणून आधी त्या जागेची फिल्म काढून न्यायची, ती त्यानं पन्नास वेळा बघायची आणि मग तिथे जायचं. न्हाव्याच्या दुकानाचं असंच केलं. दातांच्या डॉक्टरांचं केलं. चांदवडला आजोळी नेतानाही घराची, ओट्याची, आजोबांच्या खोकल्यासकट सगळी फिल्म केली होती. गोटीरामनं ते सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. ‘मंग असल्या पोराला हितं आनायचंच कशाला?’ त्यानं विचारलं. त्यात कुत्सितपणा नव्हता, त्याला खरोखर समजून घ्यायचं होतं. ‘तुमचं खरं असल. पन मागल्या महिन्यात एकाला धरला आमी. त्यो बी चांगल्या घरचा दिसत होता. काढून टाका सगळे.’ गोरक्षनं एकेक फिल्म पुसली. गेट, तिकिटाची खिडकी, मनगटाला पट्टा बांधणारी मुलगी, पाण्याचा नळ, संडासाचं दार, पाळण्याचा आवाज जवळून, पाळण्याचा आवाज लांबून. सकाळपासूनचा दिवस मागे मागे जात नाहीसा झाला. ‘मोबाइलमदल्या कचऱ्याच्या डब्यातून बी काढा,’ गोटीराम म्हणाला. त्याला तेही माहीत होतं.

मुंबई हायवेनं पाथर्डी फाट्याकडे परत येताना त्याला अपमानाचं फारसं काही वाटत नव्हतं. सलत होतं ते दुसरंच. एकटेच हसत होते. हो, तो हसला होता. पट्टा पोटावर कुठे दाबतो, वर गेल्यावर वारा कानात कसा वाजतो, हे समर्थला सांगायचं तर आपण बसून बघायला हवं, म्हणून तो बसला होता. पाळणा वर गेला. खाली भाताची रिकामी खाचरं, पलीकडे हायवे, त्यावरून निमूट सरकणारे कंटेनर. आणि खाली येताना पोटात गोळा आला, लहानपणी सायकलवरून उतारावर यायचा तसा, आणि तो मोठ्यानं हसला. त्या क्षणी समर्थ त्याच्या मनात नव्हता. बायको मंजुषाही नव्हती. दोन फेऱ्या तो कोणाचाच कोणी नव्हता, आणि हे एका माणसानं खाली उभं राहून पाहिलं होतं. समर्थ झाल्यापासूनच्या बारा वर्षांत त्याला असं हसताना मंजुषानं पाहिलं नव्हतं. पाहिलं ते या गोटीरामनं.

घरी मंजुषा दारातच उभी होती. ‘झालं का शूटिंग?’ तिनं विचारलं. ‘आत कॅमेरा चालत नाही,’ तो म्हणाला. ‘मग? राहू द्यायचं का?’ राहू द्यायचं का, हे तिनं विचारलं खरं, पण पार्कचा विषय काढला होता तिनंच. फेब्रुवारीत एकदा समर्थच्या शर्टाची बटणं लावता लावता ती म्हणाली होती, ‘अहो, जायचं तर यंदाच जाऊ. पुढच्या वर्षी तो मला आवरायचा नाही.’ समर्थ तिच्या कानापर्यंत आला होता. ओठांवर काळसर लव दिसू लागली होती. लहान होता तोवर मॉलमध्ये, बसस्टँडवर तो जमिनीवर लोळला की बाया म्हणायच्या, लेकरू दमलंय हो, झोप आली असेल. कोणी पर्समधून गोळी काढून द्यायचं. दिवाळीपासून कोणी तसं म्हणेनासं झालं. लोक आता मागे सरकत. मूल कुठल्या दिवशी मूल दिसायचं बंद होतं हे आईबापांना कळत नाही, परक्यांना आधी कळतं. अजून एक वर्ष, गोरक्षनं तेव्हा मनाशी हिशेब केला होता. दाढी करून, कार्टूनचा टीशर्ट घालून फार तर दीड. आणि पार्कच का, तर घोटीकडे जाताना हायवेवरून तो पाळणा दिसतो म्हणून. गाडीत सतत हूं हूं करत पुढे मागे डुलणारा समर्थ तिथे आला की गप्प व्हायचा. पाळणा मागे पडला की मान वळवून, अख्खा वळून, तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचा. जगातल्या दुसऱ्या कुठल्या गोष्टीकडे त्यानं असं वळून पाहिलं नव्हतं. आईकडेही नाही. तेवढ्या पुराव्यावर दोघांनी ठरवलं होतं की त्याला काहीतरी हवं आहे.

‘राहू कशाला द्यायचं,’ गोरक्ष म्हणाला, ‘कार्डं करतो.’ अंबडच्या एका पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत तो क्वालिटीत होता. माल बाहेर पडण्याआधी कुठला स्क्रू कधी तपासायचा याच्या याद्या करण्यात त्याची अठरा वर्षं गेली होती. त्याला चित्रं काढता येत नव्हती, पण क्रम लावता येत होता. जाड पुठ्ठ्याची अकरा कार्डं त्यानं केली. पहिल्यावर गाडी. मग हायवे, गेट, तिकीट, मनगटाचा पट्टा. सहाव्यावर रांग. तोंडं त्याला जमेनात, म्हणून रांगेतली सगळी माणसं त्यानं पाठमोरी काढली. सात पाठी, एकामागे एक, आणि त्यांच्या पुढे पाळण्याचा गोल. समर्थच्या थेरपी सेंटरवरच्या अंजली मॅडमनी कार्डं बघून सांगितलं, ‘चांगली झालीत. फक्त एक लक्षात ठेवा. एखादी पायरी बदलणार असेल तर आधी कार्ड बदला, त्याला दाखवा, मगच पाय उचला.’ समर्थ कार्डं जमिनीवर ओळीनं मांडायचा, उचलायचा, पुन्हा मांडायचा. अकरावं कार्ड घराचं होतं. ते तो नेहमी थोडं लांब ठेवायचा.

रांगेचीच भीती होती. थांबणं त्याला जमत नसे. थांबणं म्हणजे काय, किती वेळ, कशासाठी, हे कोणी त्याला कधी सांगितलंच नव्हतं, आणि सांगणार तरी कसं. म्हणून गोरक्ष त्याला रोज सकाळी सातला कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या दुधाच्या डेअरीवर घेऊन जाऊ लागला. तिथे किटल्या, पिशव्या घेऊन पंधरा-वीस माणसं उभी असायची. पहिल्या दिवशी गोरक्षचे दहापर्यंत आकडे म्हणून होईस्तोवर समर्थ टिकला आणि पळाला. तिसऱ्या दिवशी गोरक्षनं त्याचा हात धरून आपल्या पाठीवर ठेवला, दोन खांद्यांच्या मधे, आणि पुढचा माणूस सरकला की मोठ्यानं म्हणाला, ‘एक माणूस गेला, एक पाऊल.’ पुन्हा सरकला. ‘एक माणूस गेला, एक पाऊल.’ हात पाठीवर राहिला. समर्थ कोणाला हात लावत नसे, लावून घेत नसे. ताप पाहायला कपाळाला हात लावला तरी झटकून टाकायचा. आता रोज सकाळी अर्धा तास त्याचा पसरट, ओलसर तळवा गोरक्षच्या पाठीवर असे. सदरा तिथे घामानं चिकटायचा. ऑफिसात बसल्यावरही ती जागा त्याला कळत राहायची. आठव्या दिवशी त्याला बोलावंही लागलं नाही. पुढचा सरकला की पाठीवरचा तळवा आपणहून किंचित ढकलायचा. आणि दहाव्या दिवशी खिडकीपाशी पोचल्यावर समर्थ दुधाकडे न बघता वळला आणि जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला. गोरक्ष मुकाट्यानं त्याच्या पुढे जाऊन उभा राहिला. असं तीनदा झालं. ‘काय हो, दूध नको का आज?’ डेअरीवाला हसत म्हणाला. समर्थला रांग आवडली होती. माणसं कधी ओरडतील, कधी हसतील, कधी जवळ घेतील याचा नेम नसलेल्या जगात ही एक गोष्ट सरळ होती. एक जातो, आपण एक पाऊल टाकतो. गोरक्षनं घरी येऊन मंजुषाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती चप्पल घालून बरोबर आली आणि काही घ्यायचं नसताना समर्थच्या मागे रांगेत उभी राहिली. तो तिला हात लावत नव्हता, पण ती त्याच्या मागे होती, तो गोरक्षच्या मागे होता, आणि तिघं एका दिशेनं तोंड करून पुढे सरकत होते. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. कुटुंब म्हणतात ते हे असेल, असं गोरक्षला त्या सकाळी वाटलं.

एप्रिलमधला एक मंगळवार ठरला. मंगळवारी गर्दी कमी असते. उन्हाच्या आत पोचायचं म्हणून साडेआठला निघाले. समर्थनं कानावर आवाज अडवणारे मफ चढवले होते, कार्डांचा गठ्ठा मांडीवर होता. एकेक पायरी झाली की तो ते कार्ड गठ्ठ्याच्या खाली सारत होता. गाडी झाली. हायवे झाला. पाळणा दिसला तेव्हा तो नेहमीसारखा गप्प झाला, पण या वेळी मान मागे वळवावी लागली नाही. गाडी वळली आणि पाळणा समोरच मोठा होत गेला. गेट झालं, तिकीट झालं. पट्टा बांधणाऱ्या मुलीसमोर त्यानं न सांगता मनगट पुढे केलं. मंजुषानं गोरक्षकडे पाहिलं. तिचे डोळे लकाकत होते. इतक्या लवकर आनंद मानू नये असं तो मनात म्हणाला, आणि त्याच वेळी त्यानं मानलाही. आकाशपाळण्यापाशी त्यांच्या पुढे एकोणीस माणसं होती. त्यानं मोजली. समर्थनं सहावं कार्ड वर घेतलं, एका हातात घट्ट धरलं, दुसऱ्या हाताचा तळवा गोरक्षच्या पाठीवर ठेवला. मंजुषा मागे. एक माणूस गेला, एक पाऊल. चार माणसं चढली, चार पावलं. ऊन तापू लागलं होतं. वर पत्रा नव्हता. कुठेतरी गाणं ढणढणत होतं, पण मफ होते, कार्ड होतं, पाठ होती. पंधरा. मग अकरा.

‘साहेब.’

गोटीराम साखळीच्या पलीकडे उभा होता. त्यानं आधी गोरक्षला ओळखलं, मग त्याच्या मागे पाहिलं. मफ, कार्ड, हलणारे ओठ. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. डोक्यावरची टोपी त्यानं काढून हातात घेतली. ‘ह्योच का तुमचा पोरगा?’ ‘हो.’ ‘म्हंजी खरंच होतं तुमचं.’ तो जवळ आला. ‘त्या दिशी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हनली, लय वाईट केलं तुमी. साहेब, माझ्या भावाचं पोर, तिकडं हरसूलला, ते बी बोलत नाय हो. मला काय ठावं, त्याला काय म्हनत्यात ते.’ मंजुषा गोंधळून गोरक्षकडे बघू लागली. ‘कुठल्या दिवशी?’ तिनं विचारलं. गोटीरामनं तोवर साखळीचा हूक काढला होता. ‘या, असे या फुडं. उन्हात कशाला उभं ऱ्हाता. डायरेक्ट बसवतो.’ ‘नको,’ गोरक्ष म्हणाला, ‘तो उभा राहील. त्याला रांग आवडते.’ ‘राहू द्या हो, एवढं तरी करू द्या मला,’ गोटीराम म्हणाला, आणि त्याचा आवाज असा झाला की पुढची माणसं वळली. ‘जाऊ द्या त्यांना पुढे,’ एक गृहस्थ म्हणाले. ‘हो हो, जा ना ताई तुम्ही,’ एक तरुण बाई मंजुषाला म्हणाली, ‘तसं मूल आहे, आम्ही थांबतो.’ सगळे बाजूला सरले. सगळे चांगले होते. अकरा पाठी होत्या त्यांचे अकरा चेहरे झाले, आणि सगळे चेहरे समर्थकडे बघून हसले.

नाही म्हणायला अजून वेळ होता. नंतर गोरक्ष त्या वेळेकडे पुन्हा पुन्हा गेला. तो वेळ फार थोडा नव्हता, तीन-चार श्वासांचा तरी होता. कार्ड बदला, दाखवा, मग पाय उचला. त्याला आठवतही होतं. पण तो माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. महिनाभर गोरक्षच्या आत कुठेतरी त्या माणसाची नजर रुतून बसली होती, आणि आता तीच नजर माफी मागत होती. त्याला ती माफी हवी होती. सावली हवी होती, पाळणा हवा होता, लोकांनी हसून करून दिलेली वाट हवी होती. बारा वर्षांत कोणी अशी वाट करून दिली नव्हती. त्यानं पाऊल टाकलं. पाठीवरचा तळवा सुटला. ती जागा एकदम गार पडली, ओल्या सदऱ्याला वारा लागावा तशी, आणि तेवढ्यावरून त्याला मागे न बघता कळलं.

समर्थ आधी नुसता उभा राहिला. रिकाम्या जागेकडे बघत. मग त्यानं कार्डाकडे पाहिलं, पुन्हा जागेकडे पाहिलं. मग तो खाली बसला आणि त्याच्या घशातून तो आवाज निघाला, जो फक्त घरी, दारं-खिडक्या लावून ऐकायचा असतो. त्यानं स्वतःचं मनगट चावलं, पट्ट्यासकट. मंजुषा त्याच्यावर वाकली आणि त्याच वेळी त्यानं डोकं वर झोकलं; तिचा ओठ फुटला. गोरक्षनं त्याला मागून कवेत घेतलं, एरवी घ्यायचा तसं, पण कवेत मावलं नाही. ते बारा वर्षांचं पोर नव्हतं, ते पन्नास किलोंचं अंग होतं, घामानं निसटणारं, कशालाच न ओळखणारं. मंजुषानं पाय धरले, पाय तिला घेऊन आपटले. शेवटी गोटीरामनं पाय धरले. तो रडत होता की घाम होता, कळलं नाही. तिघांनी मिळून त्याला गेटपर्यंत नेलं. कोणी मोबाइल काढला नाही. लोकांनी आपापल्या मुलांची तोंडं हळूच दुसरीकडे वळवली, वाट मोकळी केली, एकानं पडलेली कार्डं गोळा करून आणून दिली. त्यांनी काही वाईट केलं असतं तर रागावता तरी आलं असतं.

गाडीत समर्थ अर्ध्या तासानं शांत झाला. मफ पुन्हा चढवले. गठ्ठ्यातली मधली चार कार्डं त्यानं चाळलीही नाहीत. घराचं कार्ड काढून मांडीवर ठेवलं आणि हूं हूं करत डुलू लागला. मंजुषा ओठावर रुमाल धरून खिडकीबाहेर बघत होती. वाडीवऱ्हे मागे पडल्यावर गोरक्षनं सांगितलं. बुधवारचं, मोबाइलचं, पुसलेल्या फिल्मचं. हसल्याचं नाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. ‘म्हणजे तुम्ही आधी गेला नसता,’ ती म्हणाली, ‘तर त्यानं आपल्याला ओळखलं नसतं. आपण रांगेतच राहिलो असतो.’ तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त क्रम लावत होती. ‘मी पाऊल टाकायला नको होतं,’ तो म्हणाला. ‘मीही टाकलं,’ ती म्हणाली. ‘तुमच्या आधी. तुम्ही पुढे बघत होतात म्हणून तुम्हाला दिसलं नाही.’

पुढे रस्त्याकडेला निंबाखाली एक रसवंती दिसली. तिच्या ओठाला गार काहीतरी लागेल म्हणून त्यानं गाडी सावलीत घेतली, चारी काचा उघड्या ठेवल्या. समर्थ उतरला नाही. दोघं दहा पावलांवर, चरकापाशी उभी राहिली. तिथून तो दिसत होता, त्याचं डुलणं दिसत होतं, आवाज येत नव्हता. रसवाल्यानं बर्फ घालून दोन ग्लास दिले. मंजुषानं एक घोट घेतला, ओठ चुरचुरला तशी डोळे मिटले. ‘आज तिसरा माणूस लागला,’ ती म्हणाली. गोरक्षनं मान हलवली. ‘आपल्या दोघांना उचलवला नाही तो,’ ती म्हणाली, ‘यापुढे उचलवणार नाही.’ हायवेवरून कंटेनर जात राहिले. ग्लास रिकामे झाले, तळाचा बर्फही वितळून पिऊन झाला. रसवाल्यानं ग्लास घेण्यासाठी हात पुढे केला तेव्हा मंजुषानं आधी गाडीकडे, मग गोरक्षकडे पाहिलं आणि गोरक्षनं तिच्याकडे. तो म्हणाला, ‘अजून एक एक घेऊ.’ ती लगेच हो म्हणाली.